लांडग्याचा शेवटचा शब्द

मिरज,
९ फेब्रुवारी २००५

प्रभंजन,

आशीर्वाद आधी घे, कारण पुढे नुसती चिडचिड आहे.

परवा आम्ही सिनेमा मंडळाचे एकोणीस जण सांगलीला जाऊन नवीन 'लांडगपुनव' पाहून आलो. जुना तू पाहिलेला नाहीस, तो धारवाडला कधी लागलाच नाही. पण मे महिन्यात मिरजेला आलास की मी तुला तो गोष्टीसारखा सांगायची आणि तू पांघरुणात तोंड घालायचास, ते आठवत असेल. सदुसष्ट सालचा, कोल्हापुरात काढलेला. हुबळीकडून घोंगड्या विकायला आलेला सिद्राम आणि पुनवेला त्याच्या अंगावर फुटणारे केस. शेवटी गावकरी त्याला दगडाच्या खाणीकडे रेटतात. तो वरून पडतो, उठतो, डावा हात लोंबकळत चार पावलं चालतो आणि एकच शब्द बोलून कोसळतो. आमचं मंडळ त्या एका शब्दावर उभं आहे म्हटलंस तरी चालेल.

तर नव्याबद्दल. जनावरांचे डॉक्टर दत्तात्रेयराव म्हणाले, लांडग्याचा मागचा पाय कसा वाकतो हे यांनी कुत्र्याकडे बघूनसुद्धा शिकलं नाही. कॉलेजातली शीतल म्हणाली, मला नवाच आवडला, निदान याच्या मनगटावर घड्याळ दिसत नाही. जुन्यात एका दृश्यात दिसतं, आणि आम्ही ते केव्हाच पोटात घातलेलं आहे. येताना बसमध्ये दोघंजण तिच्याशी बोलले नाहीत. खरं सांगू, मला तो वाईट वाटला नाही. केस एकेक करून उगवताना दाखवलेत, तेव्हा मी शेजारच्या बाईचा हात धरला, आणि ती ओळखीची नव्हती. लोंबणारा हातही त्यांनी जसाच्या तसा उचललाय. तो हात म्हणजे जुन्यातला सगळ्यात मोठा अभिनय, असं आमच्यात एकमत आहे.

पण शब्द बदलला. जुना लांडगा म्हणतो, "तोळ". नवा म्हणतो, "तोल गेला". पाय घसरलेल्या माणसासारखा.

हा उद्योग आमच्याच प्रा. दिवाणांचा. श्रेयनामावलीत 'सल्लागार' म्हणून त्यांचं नाव आहे. त्यांच्या मते जुन्यातही 'तोल'च होतं, प्रिंट खराब म्हणून 'तोळ' ऐकू येतं. एक्याण्णव साली मी मंडळाच्या अंकात लिहिलं होतं, की कानडीत तोळ म्हणजे लांडगा, सिद्राम हुबळीचा, मरताना त्याला आपली भाषा आठवते आणि तो स्वतःचं खरं नाव सांगतो. तेव्हापासून मंडळात मला सगळे शालिनीताई म्हणतात. शाळेत मी 'ग्रंथालयातल्या बाई' आहे.

१७ एप्रिलला नव्याचा दिग्दर्शक सांगलीला येतोय. प्राध्यापक दहा मिनिटं आणि मी दहा मिनिटं बोलणार. अठ्ठावीस वर्षं पुस्तकांना पुठ्ठे घालतेय, मला कुणी कधी बोलायला बोलावलेलं नाही. मला हसं करून घ्यायचं नाही. म्हणून गोपाळमामाकडून, तुझ्या अण्णांकडून, चार ओळी हव्यात: तोळ म्हणजे लांडगा, खाली सही, निवृत्त शिक्षक, धारवाड. दोन्ही भाषा येणाऱ्या मास्तरांपुढे प्राध्यापक काय बोलणार?

शालूअक्का


नवनगर, हुबळी,
२० फेब्रुवारी २००५

अक्का,

नमस्कार पोचला असं समज आणि रागावू नकोस, काम झालेलं नाही.

तुझं पत्र मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. घड्याळापर्यंत ते हसत होते. लोंबणाऱ्या हातापाशी आल्यावर चष्मा काढून पुसायला लागले. चार ओळी लिहून द्यायचं म्हटलं तर म्हणाले, "शब्दकोश आहे की तिच्याकडे." मी म्हटलं, सही हवी आहे. "सिनेमाच्या भानगडीत माझी सही कशाला?" असं म्हणून उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना सकाळीच घातलं होतं.

तुला माहीत आहे, कुणी मराठीत कानडी शब्द चुकीचा वापरला तर हे रस्त्यात थांबवून दुरुस्त करतात. लग्नाच्या पत्रिकांवर तांबडी शाई मारतात. आणि इथे तू आपणहून विचारतेस तर नको. वेदपाठी बाळाचार्यांचा मुलगा, सिनेमा म्हणजे अजून विटाळ वाटत असेल, दुसरं काय.

मीच लिहून देऊ का? पण तारिहाळच्या कारखान्यात पंप जोडणाऱ्या माणसाची सही तुझ्या प्राध्यापकांपुढे किती टिकेल याची शंका आहे. सुभाष रोडला दोन दुकानांत नव्याची सीडी विचारली. तिसऱ्याने मला भक्तिगीतं दिली.

प्रभंजन


मिरज,
२८ फेब्रुवारी २००५

प्रभंजन,

सिनेमाचा विटाळ वगैरे काही नाही. मामा मला घेऊन मिरजेच्या टॉकीजमध्ये दोनदा गेलेला आहे, शेंगा खात. कारण वेगळं आहे. एक्याण्णवचा अंक मी त्याला पाठवला होता. त्याने पोचही दिली नाही. पुढे भेटल्यावर मी विषय काढला की तो पावसापाण्यावर जायचा. त्याला माझं लिहिणं पोरकट वाटलं असणार. आईच्या मागे माझ्या डोक्यावर हात ठेवणारा तो एकटा उरलाय, म्हणून मला ते जास्त लागतं. असो.

सोबत दोन्ही सिनेमांच्या सीड्या पाठवते. जुन्याची आमच्या मंडळाने करून घेतलेली आहे, ती ओरखडली तर दत्तात्रेयराव तुला जनावराचं इंजेक्शन देतील. दोन्ही बघ. खाणीपाशी थांब, मागे घे, पाच वेळा ऐक. निवेदितालाही ऐकव, तिचं माहेर कानडी आहे, तिचा कान तुझ्यापेक्षा चांगला. मग लिही.

अक्का


नवनगर,
१४ मार्च २००५

अक्का,

काल रविवारी दोन्ही पाहिले. आधी जुना. अगं, किती साधा आणि तरी काय भीती वाटते. शेपटीला टाचणी दिसते तरीही वाटते. नवा पाहताना मी सोडा पीत होतो, जुना पाहताना पेला हातातच राहिला. नव्यातले केस छान आहेत, पण मला सारखं वाटत होतं की याचा कॉम्प्युटर बंद केला तर हा जाईल. जुन्याचं तसं नाही, त्याच्या आत कुणीतरी माणूस घामाघूम होतोय हे कळतं. हे मंडळात वाचून दाखव, मला सभासद करून घेतील.

आता खाण. पाच नाही, नऊ वेळा ऐकलं. 'तोल' नाही हे नक्की. शेवटचं अक्षर जिभेचं टोक मागे वळवून काढलेलं ळ आहे, प्राध्यापक कितीही शिकलेले असोत. मी टाळी द्यायला हात पुढे केला तर निवेदिता म्हणते, "अदु तोळ अल्लरी, तोळु." तोळ म्हणजे लांडगा बरोबर, पण तोळु म्हणजे दंड, हात. तिच्या मते शेवटचा उकार ओरडण्यात चिरडलाय. लांडगा काही स्वतःचं नाव सांगत नाही, म्हणतोय, माझा हात. मी म्हटलं, मरणारा लांडगा हाताची तक्रार कशाला करेल? ती म्हणाली, "बघा की कसा लोंबतोय. मोडलाय तो. मोडलेला हात असाच धरतात."

दहाव्यांदा लावलं तेव्हा अण्णा बाजारातून आले. डाव्या हातात भाजीची पिशवी होती. टीव्ही बंद केला.

बाकी सगळं ठीक.

प्रभंजन


मिरज,
२१ मार्च २००५

प्रभंजन,

निवेदिताला सांग, तिचा कान चांगला आहे हे माझं वाक्य मी परत घेते. धारवाडकडचा माणूस हात मोडला तर 'कै' म्हणून ओरडेल, नाहीतर 'रट्टी' म्हणेल. तोळु कोण म्हणतं? आणि पडणारा माणूस नट आहे, त्याला लिहून दिलेलं असतं. कुणी 'माझा हात' असं लिहून देईल का?

हे झालं भांडण. आता दुसरं. तू दोन पानं मजेत लिहितोस आणि एकदम भाजीची पिशवी, टीव्ही बंद, बाकी ठीक? पिशवी कुठल्या हातात होती हे मला कशाला सांगितलंस? तू लहानपणी काचेचं काही फोडलंस की असाच 'बाकी ठीक' म्हणायचास.

पत्रिका छापून आली. माझं नाव जाड अक्षरात आहे. विषय: 'एका कानडी शब्दाचं मोल'. मुख्याध्यापकांनी ती शाळेच्या फलकावर लावली आणि मला आत बोलावून खुर्ची दिली. तेव्हा जे असेल ते आत्ता सांग, अठराला सांगू नकोस.

अक्का


नवनगर,
३० मार्च २००५

अक्का,

हे पत्र बसून वाच.

मी शपथ मोडतोय. अण्णांनी कुणालाही न सांगण्याची शपथ घातली होती, आणि सतरा दिवस मी पाळली. पण तू त्या व्यासपीठावर उभी राहणार आणि तुला खरं माहीत नसणार, हे मला बघवत नाही.

त्या रविवारी अण्णा दारात उभे राहून टीव्हीकडे बघत होते. पडद्यावर लांडगा खाणीत उठत होता. मी एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं, एकदा अण्णांच्या. कोपर थोडं बाहेर, पंजा आत वळलेला. चौतीस वर्षं तो हात बघतोय, शाळेच्या फळ्यावर रेघ ओढताना, सोवळं पिळताना. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "बंद कर ते."

संध्याकाळी स्वतःच सांगायला बसले. अक्का, तो लांडगा अण्णा आहेत.

कोल्हापूरच्या एका हायस्कुलात त्यांची मुलाखत होती, अकरा वाजता. शंकर नावाचा मित्र स्टुडिओत सामान उचलायचा, त्याच्याकडे उतरले होते. त्या सकाळी खाणीत शूटिंग, आणि नायक म्हणाला, मी एवढ्या उंचीवरून पडणार नाही. अण्णांची उंची त्याच्याएवढी. शंकर म्हणाला, नऊपर्यंत मोकळा होशील, कातडं घाल, गवतावर उडी मार. हे गवताच्या बाहेर पडले. चार पावलं चालले आणि शुद्ध हरपली. कॅमेरा चालूच होता. म्हणजे तुमचा तो सगळ्यात मोठा अभिनय.

मुलाखत गेली. आजोबांना काय सांगणार? वेदपाठ्यांच्या घरातला मुलगा जनावराचं कातडं पांघरून सिनेमात उड्या मारतो? म्हणून मुलाखतीला धावताना स्टँडवर बसमधून पडलो, असं सांगितलं. ती गोष्ट तुलाही माहीत आहे. आजोबांनी काय केलं तेही माहीत आहे. मुलगा वाचला म्हणून दर चैत्रात वायुस्तुतीचं पारायण आणि पुरणाची होळगी. आजोबा गेल्यावर अण्णांनी ते चालू ठेवलं, कारण बंद केलं तर का बंद केलं हे सांगावं लागलं असतं. मी दर वर्षी न झालेल्या अपघाताची होळगी खातोय.

मी विचारलं, रट्टी का नाही म्हणालात? "आई मैसूरकडची. आम्हाला तोळावर घ्यायची, रट्टीवर नाही." आपली आजी तसंच म्हणायची, तू विसरलीस आणि मीही.

निवेदिता बरोबर होती. मला वाईट वाटतंय.

प्रभंजन


मिरज,
५ एप्रिल २००५

प्रभंजन,

पत्र मिळालं. आधी मी खूप हसले, आईसाठी वाईट वाटलं, तिला हे ऐकायला फार आवडलं असतं. मग हसू थांबलं.

चौदा वर्षं मी लोकांना सांगत आले की मरणाच्या दारात माणूस स्वतःला ओळखतो. आणि तो बिचारा म्हणत होता, हात मोडला. प्राध्यापक चुकले आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त चुकले, कारण मी त्याच्यावर लेख लिहिला. आज मंडळात जाऊन माझं नाव काढायला सांगितलं. तब्येतीचं कारण दिलं. मामाचं काही बोलले नाही, त्याची काळजी करू नकोस. पत्रिकेवर माझ्या नावावर पट्टी चिकटवणार आहेत. पट्ट्या मीच कापून दिल्या, मला त्याची सवय आहे.

मामाला सांग मी रागावलेली नाही. माझा अंक वाचून तो गप्प का बसला हे आता कळलं. हसू आवरत असेल.

आता काही दिवस या विषयावर लिहू नकोस.

अक्का


नवनगर, हुबळी,
१० एप्रिल २००५

चि. शालिनी हिस गोपाळमामाचे आशीर्वाद.

प्रभंजनने शपथ मोडली त्याबद्दल मी त्याला रागावलो, आणि तुझं पत्र वाचल्यावर रागावणं मागे घेतलं. त्याला मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं सांगायची मला जास्त लाज वाटत होती. गणित शिकवणाऱ्या माणसाने अर्धं उदाहरण फळ्यावर ठेवून घरी जाऊ नये, म्हणून लिहितो.

खाणीत मी 'तोळु' असंच ओरडलो. त्यात कविता नव्हती, फार दुखत होतं. पण तू सिनेमात ऐकतेस तो आवाज खाणीतला नाही. बाहेरच्या शूटिंगमध्ये यंत्राची खरखर येते, त्यामुळे आवाज मागाहून स्टुडिओत भरतात. पाच आठवड्यांनी शंकरचा निरोप आला की ओरडायला ये. मिरजेला हात दाखवायला जातो असं घरी सांगून मी निघालो. तुमच्याकडे उतरलो होतो. तू दहा वर्षांची होतीस आणि माझ्या प्लॅस्टरवर शाईने मांजर काढलंस. ते मांजर घेऊन मी स्टुडिओत गेलो.

तिथे दहा-बारा माणसं होती. नायकही होता. तो म्हणाला, "हे ते भटजी, हातभर उडी मारून हात मोडून घेतला." सगळे हसले. दिग्दर्शक गंभीर माणूस, तो म्हणाला, त्या दिवशी तू काहीतरी ओरडलास ते मला हवंय, काय होतं? मी सांगितलं, तोळु. त्याने विचारलं, म्हणजे काय?

'माझा हात' असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं. पुन्हा हसले असते. मी म्हटलं, "तोळ. आमच्याकडे लांडग्याला तोळ म्हणतात. मरताना तो आपलं नाव सांगतो." कुठून सुचलं कोण जाणे. आधी मी असा विचार केलेला नव्हता. कुणी हसलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, मग हा तुमच्याकडचाच असला पाहिजे. तोपर्यंत सिद्राम जतचा होता. जिथे तो "मी हुबळीचा" म्हणतो तिथे त्याची पाठ आहे, हे तुमच्या मंडळाला माहीत असेल. ते वाक्य त्या दिवशी भरलं. मग मी काचेपुढे उभा राहिलो आणि 'तोळ' म्हणालो, उकाराशिवाय, नीट. तीन वेळा म्हणून घेतलं, तिसरं ठेवलं. सुनेला सांगितलं की तिचा कान खाणीतलं बरोबर ओळखतो, पण खाणीतला आवाज सिनेमात नाही. ती म्हणाली, मग पुन्हा लावून बघते.

तेव्हा तू ऐकलंस ते मी बोललो होतो, आणि तू लावलास तोच अर्थ मी सांगितला होता. मी लाजेपोटी थाप मारली आणि तू ती खरी करून वाचलीस. तुझा अंक मी हसत वाचला नाही. तू त्यात लिहिलं होतंस की ज्याला हा शब्द सुचला तो कुणी मोठ्या मनाचा माणूस असला पाहिजे. ते वाचून मला जेवण गेलं नाही. तुला पोच काय देणार? आभार मानले असते तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि वडील तेव्हा हयात होते. ते गेल्यावर सांगायला हरकत नव्हती, पण तोवर न सांगण्याची सवय लागली होती. त्या सवयीपायी तुला वाटत राहिलं की मामाला तुझं लिहिणं पोरकट वाटलं. ते मला फार लागलं.

पत्रिकेवरच्या पट्ट्या काढून टाक. दोन्ही गोष्टी सांग, आधी हात, मग लांडगा, क्रम बदलू नकोस. लोक हसले तर हसू दे, मलाही थोडं हसायचं आहे. सतराला सकाळच्या गाडीने प्रभंजन मला घेऊन येतोय. मी मागे बसेन आणि तुझी दहा मिनिटं संपेपर्यंत तोंड उघडणार नाही. त्यानंतर प्राध्यापकांनी पुरावा मागितला, तर उठून सांगेन की तो लांडगा मी होतो.

तुझा मामा,
गोपाळ